पान सात, ओळ एकोणीस

आश्वासन समिती आली तेव्हा
परभणीच्या विश्रामगृहात पांढरे टॉवेल कमी पडले,
तहसीलदारांनी घरचे आणले.
मला बोलावलं दुभाषी म्हणून.
गंगाखेडच्या शाळेत पंचवीस वर्षं हिंदी शिकवतो,
तेवढीच माझी लायकी.

नऊ खासदार. एकाचा चहा बिनसाखरेचा.
दिल्लीत रोज कुणी मंत्री उभा राहतो, म्हणतो,
तपासून पाहू,
विचाराधीन आहे,
माहिती गोळा करण्यात येत आहे,
आणि सभागृह पुढच्या प्रश्नाकडे सरकतं.
ही माणसं मागं राहून ती वाक्यं वेचतात,
काढणी झालेल्या रानात सरवा वेचावा तशी.
एकेकाला क्रमांक देतात, फायलीत बांधतात,
पुन्हा पुन्हा विचारतात : त्याचं काय झालं?
मला ठाऊक नव्हतं.
मला वाटायचं, तिथं बोललेलं वाऱ्यावर जातं.

सायखेडीच्या भुयारी पुलाचं वाक्य अकरा वर्षांचं होतं.
‘पाण्याचा निचरा करण्यात येईल.’
सात मुदतवाढी.

साक्षीला चतुराबाई खटिंग, अंगणवाडी मदतनीस.
खुर्चीच्या कडेवर बसली,
जशी पाठ टेकली तर भाडं पडेल.
रेल्वेचे अभियंते सांगून बसले होते : पंप बसवला आहे.
अध्यक्षांनी विचारलं, अब कितना पानी रहता है?
मी विचारलं, बाई, आता किती राहतं पाणी?
ती म्हणाली, “उलसं.”
आणि हात नेला छातीपाशी.

आमच्याकडं असंच बोलतात.
ताप मस्तकात गेला तरी म्हणतात,
उलसं अंग कोमट हाय.

मी म्हणालो, “थोड़ा सा.”
लघुलेखकाची मान वहीत होती.
अभियंत्यांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं.
साक्षीदारांचे आभार मानण्यात आले.

दीड महिन्यानं तिच्या घरी टपालानं प्रत आली, दुरुस्तीसाठी.
वर सूचना : चुका तेवढ्या सुधाराव्यात,
नवं काही सांगू नये.
ती प्रत घेऊन माझ्या दारात उभी.
सोबत आणलेल्या पुतण्यानं वाचून दाखवलं होतं सगळं,
तरी चौथी शिकलेलं बोट ओळीवरून चालवत म्हणाली,
“मास्तर, ह्याच्यात माझा हात कुटं हाय?”

पान सात, ओळ एकोणीस.
थोड़ा सा पानी।
हिंदीत पूर्णविराम म्हणजे उभी रेघ.
पाण्यात रोवलेल्या पट्टीसारखी दिसली ती,
आकडे पुसून गेलेली.

संध्याकाळी तिच्यामागं पुलापर्यंत गेलो.
खाऊची गोणी डोक्यावर घेऊन ती उतरली.
पंप होता. त्याच्यावर होला बसला होता.
बायकोचा शिवणकामाचा टेप मी सोबत नेला होता,
पण तो खिशातच राहिला.
पोटऱ्या गेल्या, कंबर गेली,
मग पाणी तिथं येऊन थांबलं
जिथं तिनं त्या दिवशी हात ठेवला होता.
पलीकडून ती ओरडली, “दिसलं का?”

समासात लिहिलं :
‘उलसं’ या शब्दानंतर साक्षीदाराचा हात छातीपाशी.
दुभाष्याने तो सांगितला नाही.
चतुराबाईनं सही केली, हळू, काना मात्रा मोजत.
मग कागद माझ्याकडं सरकवला :
“तुमी बी करा. चूक तुमची हाय.”
रजिस्टर केलं. पावती तिनं पदराला बांधली.

उत्तर नाही.
आठवी मुदतवाढ मिळाल्याचं मात्र
पेपरच्या आतल्या पानात, कोपऱ्यात वाचलं.

वर्गात आता धड्यात कुठं ‘थोड़ा सा’ आलं
की मी थांबतो.
पोरं वाट बघतात.
खडू धरलेला हात
किती वर न्यावा, ते ठरत नाही.